पेरूचा व्हिनेगर घरी करताना: आधी हवा बंद, मग हवा मोकळी

फळांचे तुकडे बरणीत भरायचे, वर पाणी आणि दोन चमचे साखर घालायची, झाकण घट्ट लावून महिनाभर विसरून जायचं. घरच्या व्हिनेगरचा पहिला प्रयोग बहुतेक ठिकाणी असाच होतो. महिन्यानंतर बरणीत आंबूस वासाचं पाणी तरी मिळतं, नाहीतर वर हिरवी बुरशी. फळांचा यात काही दोष नसतो. दोन वेगळी कामं एकाच बरणीत, एकाच वेळी उरकायला घेतलेली असतात.

पहिलं काम यीस्टचं: साखरेचं अल्कोहोल करायचं. त्याला हवा लागत नाही. दुसरं काम ॲसिटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंचं: अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करायचं. हवेशिवाय हे जिवाणू काहीच करू शकत नाहीत. म्हणून पहिलं काम पुरतं संपवायचं, आणि मगच दुसरं सुरू करायचं. गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडातून काढलेला गोड रस, नुसती ठेवली तरी तिचा व्हिनेगर होतो, हे खरं आहे. पण ताज्या सुरेत १२ ते १५ टक्के साखर असते आणि माडावरून उतरेपर्यंत तिच्यात यीस्ट शिरलेलंही असतं. पाण्यात टाकलेल्या पेरूच्या फोडींकडे ना इतकी साखर असते, ना इतकं यीस्ट.

खालचं माप पेरूचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून परसातल्या झाडांना हिवाळी पेरू लागायला सुरुवात होते आणि पाडाला आलेली फळं एकदम इतकी येतात की खाऊन, वाटूनही उरतात. पावसाळी पेरू या कामाला शक्यतो घेऊ नका. ते पाणचट असतात आणि त्यांत अळ्याही जास्त.

## आधी साखरेचा हिशेब

एक लिटर द्रवात साधारण १७ ग्रॅम साखर असली तर आंबल्यावर १ टक्का अल्कोहोल तयार होतं. त्या १ टक्क्यापासून घरच्या बरणीत ०.८ ते ०.९ टक्के आम्ल हाती लागतं, कारण थोडं अल्कोहोल उडून जातं. ५ टक्के आम्लाचा व्हिनेगर हवा असेल तर अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास हवं, म्हणजेच लिटरमागे १०० ते ११० ग्रॅम साखर हवी. फळातली आणि वरून घातलेली मिळून.

सफरचंदाच्या साली, लिटरभर पाणी आणि दोन चमचे साखर या प्रसिद्ध कृतीत सगळी मिळून जेमतेम ५० ग्रॅम साखर भरते. त्यातून फार तर अडीच टक्के आम्ल मिळेल. बाजारात आंबवलेला व्हिनेगर म्हणून विकायचा तर आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं. अडीच टक्क्यांच्या पाण्यावर बुरशी आरामात वाढते.

उलट चूकही होते. जास्त साखर म्हणजे जास्त आंबट, असं समजून लिटरमागे २०० ग्रॅम घातली जाते. अल्कोहोल ११-१२ टक्क्यांवर जातं आणि दुसऱ्या टप्प्यातले जिवाणू त्यात काम करेनासे होतात.

## तयारी: ५ लिटरच्या बरणीसाठी

- पिकलेले पेरू, साफ करून १ किलो
- पाणी २ लिटर, उकळून गार केलेलं
- साखर २५० ग्रॅम किंवा चिरलेला गूळ ३०० ग्रॅम
- बेकरीत वापरतात ते कोरडं यीस्ट, अर्धा छोटा चमचा
- दुसऱ्या टप्प्यासाठी ५०० मिलि कच्चा, न गाळलेला, मदर (व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचा जेलीसारखा थर) असलेला व्हिनेगर

याशिवाय रुंद तोंडाची काचेची बरणी, अडीच लिटरची अरुंद तोंडाची बाटली किंवा कॅन, घट्ट विणीचं सुती फडकं आणि प्लास्टिकची नळी.

यीस्टवर खर्च कशाला, फळाच्या सालीवर असतंच की, असं वाटू शकतं. असतं खरं, पण सोबत इतरही बरंच काही असतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कोण आधी वाढेल याचा नेम नाही. पहिल्या खेपेला विकतचं यीस्टच वापरा.

तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड यांना आम्ल खातं आणि ते धातू व्हिनेगरमध्ये उतरतात. गाळताना स्टीलचं पातेलं चालेल, पण आठवडेच्या आठवडे ठेवायला काचच हवी. चिनी मातीची जुनी बरणी, तडे गेलेली किंवा आतून चकाकी उडालेली, वापरू नका. जुन्या चकाकीत शिसं असू शकतं. लोणच्याची बरणी घेणार असाल तर तेलाचा वास पूर्ण गेलाय ना, ते बघा. सगळी भांडी कडकडीत पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करा.

## टप्पा १: फळ निवडणं आणि कालवणं

हिरवटपणा जाऊन पिवळे झालेले, वास सुटलेले पेरू घ्या. पडीचे पेरू चालतात, पोपटाने टोचलेले चालत नाहीत. प्रत्येक पेरू कापून आत बघा. फळमाशीची अळी दिसली तर पूर्ण फळ बाजूला काढा, कारण ती जिथवर फिरली तिथवर सडणं सुरू झालेलं असतं. बुरशी लागलेल्या फळाचा बुरशीचा भाग कापून उरलेला वापरू नका.

धुऊन, देठ काढून फोडी करा आणि हाताने किंवा लाकडी पळीने चेचा. मिक्सर नको. बिया भरडल्या की तुरटपणा उतरतो आणि बारीक चोथा शेवटपर्यंत खाली बसत नाही.

अर्धा लिटर पाणी गरम करून त्यात साखर किंवा गूळ विरघळवा. गूळ असेल तर गाळून घ्या. उरलेलं पाणी मिसळा, चेचलेले पेरू घाला. मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागलं की यीस्ट वरून भुरभुरवा, दहा मिनिटांनी ढवळा.

तपासा: बरणीचा वरचा चौथा हिस्सा तरी रिकामा आहे ना? फेस आणि चोथा दोन्ही वर चढतात. काठोकाठ भरलेली बरणी रात्रीतून ओट्यावर उतू जाते.

## टप्पा २: साखरेचं अल्कोहोल, १० ते १४ दिवस

बरणीला दुहेरी फडक्याचा दादरा बांधा. पहिले चार-पाच दिवस हे पुरतं, कारण फसफसताना निघणारा कार्बन डायऑक्साइडच द्रवावर थर धरून राहतो. बरणी २० ते ३० अंशांच्या सावलीत ठेवा.

दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, वर तरंगणारा चोथा स्वच्छ पळीने खाली दाबा. हे टाळायचं नाही. वर कोरडा पडलेला चोथा ही बुरशीची आवडती जागा आहे, आणि पहिल्या टप्प्यात बिघडणाऱ्या बहुतेक बरण्या याच कारणाने बिघडतात.

चौथ्या किंवा पाचव्या दिवशी फडक्यातून गाळा. चोथा जोर लावून पिळू नका. पेरूत पेक्टिन (फळाची जेली घट्ट करणारा घटक) भरपूर असतं. पिळलं की ते द्रवात उतरतं आणि व्हिनेगर कायमचा गढूळ राहतो. आपोआप निथळेल तेवढंच घ्या, साधारण सव्वादोन ते अडीच लिटर मिळेल.

गाळलेला द्रव अरुंद तोंडाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. आता वर हवा नको, पण आतला वायू बाहेर जायला वाट हवी. एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण, असेल तर उत्तम. नसेल तर टाचणीने एक भोक पाडलेला फुगा तोंडावर ताणून बसवा.

इशारा: या अवस्थेत बाटलीला घट्ट झाकण लावू नका. आतला दाब वाढून काच फुटते, तुकडे लांबवर उडतात.

आणखी सहा ते नऊ दिवसांत फुगा मरगळतो, बुडबुडे थांबतात आणि वरचा थर निवळू लागतो. आता एक थेंब जिभेवर घेऊन बघा. गोडी अजिबात लागता कामा नये. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर असेल तर सलग दोन दिवस तोच आकडा, १.००० किंवा त्याखाली, मिळायला हवा. गोडी उरली असेल तर थांबा. घाई करून दुसरा टप्पा सुरू केला की यीस्ट आणि जिवाणू दोघंही अर्धवट काम करतात, आणि गोडसर, पातळ आंबट पाणी हाती येतं. त्यात नंतर काही सुधारणा करता येत नाही.

गोडी गेल्यावर बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. साका तळाशी घट्ट बसतो. वरचा निवळ द्रव नळीने अलगद काढून घ्या, साका टाकून द्या. साका तसाच राहिला तर मेलेल्या यीस्टचा उग्र वास व्हिनेगरला लागतो. हा द्रव आता सहा-साडेसहा टक्के अल्कोहोलचा आहे. तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि लगेच पुढच्या टप्प्याला लागा.

## टप्पा ३: अल्कोहोलचं आम्ल, ६ ते १० आठवडे

इथून सगळं उलटं. आता हवा हवी, आणि भरपूर हवी.

रुंद बरणीत निवळलेला द्रव आणि ५०० मिलि कच्चा व्हिनेगर एकत्र करा. बरणी अर्ध्याच्या थोडी वर भरली म्हणजे पुरे. द्रवाची उंची कमी आणि पसारा जास्त, हे तत्त्व धरा. जिवाणू पृष्ठभागावर काम करतात, तळाशी नाही.

हा व्हिनेगर दोन कारणांसाठी घालायचा. एक, त्यातून जिवंत जिवाणू येतात. दुसरं कारण सहसा लक्षात घेतलं जात नाही: द्रव पहिल्या दिवसापासून आंबट होतो आणि बुरशीला शिरकाव मिळत नाही. म्हणून चार-पाच चमचे घालून भागत नाही, चार भागाला एक भाग हे माप पाळा. किराणा दुकानातला पांढरा सिंथेटिक व्हिनेगर पाण्यात ॲसिटिक आम्ल मिसळून केलेला असतो. त्यात जिवाणू नसतात, त्यामुळे तो घालून पहिलं काम होणार नाही. पाश्चराइज केलेल्या, म्हणजे गरम करून जिवाणू मारलेल्या, बाटलीचंही तेच. लेबलवर ‘मदर’सह, न गाळलेला, पाश्चराइज न केलेला असं लिहिलेलं बघून घ्या.

बरणीला पुन्हा दादरा, या वेळी आणखी घट्ट विणीचा. पातळ मलमलीतून चिलटं सहज आत जातात आणि द्रवात अंडी घालतात. धोतराचं किंवा चादरीचं कापड दुहेरी करून रबर लावा. बरणी उन्हात किंवा शेगडीजवळ नको. बंद कपाटातही नको, तिथे हवा खेळत नाही. २५ ते ३० अंश सर्वांत चांगले. कोकणपट्टीत, मुंबईत हे आपोआप मिळतं. पुणे, नाशिककडे डिसेंबरात रात्री काम जवळजवळ थांबतं, तेव्हा बरणीभोवती जुनी गोधडी गुंडाळा, फक्त तोंड मोकळं ठेवा आणि दोन-तीन आठवडे जास्त धरा.

दोन-तीन आठवड्यांत पृष्ठभागावर पातळ पापुद्रा येतो आणि हळूहळू जाड होतो. हीच मदर. तिला हलवू नका. बरणी रोज उचलून बघणं, ढवळणं, जागा बदलणं यामुळे ती बुडते. बुडाली तरी नवी येते, पण तेवढा वेळ वाया जातो. आणि पापुद्रा दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. जिवाणूंचे सगळेच प्रकार जाड मदर बनवत नाहीत. वास आणि चव आंबट होत असेल तर काम चालू आहे.

पृष्ठभागावर काय आलंय ते नीट ओळखा:

गुळगुळीत, ओलसर, अर्धपारदर्शक, जेलीसारखा थर असेल तर ती मदर, राहू द्या.

पांढरा, कोरडा, सुरकुत्या पडलेला, पीठ पसरल्यासारखा पातळ थर म्हणजे हवेवर वाढणारं रानटी यीस्ट. अपायकारक नाही, पण चव बिघडवतं. अलगद काढून टाका आणि वाटीभर कच्चा व्हिनेगर आणखी घाला. द्रव पुरेसा आंबट नव्हता, असा याचा अर्थ.

लव असलेले हिरवे, काळे, निळसर ठिपके म्हणजे बुरशी. वरचं काढून खालचं वाचवायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण बरणी ओतून द्या. बुरशीची विषं द्रवात उतरलेली असू शकतात आणि ती चवीवरून कळत नाहीत.

मधल्या काळात नेलपॉलिशसारखा वास आला तर तो इथाइल ॲसिटेटचा. अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही एकत्र असताना तो तयार होतो, हवा कमी पडली की जास्त. बरणी अधिक मोकळ्या जागी ठेवा. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत वास जातो.

## टप्पा ४: झाला की नाही, हे मोजणं

पीएचची पट्टी इथे फसवते. आम्ल २ टक्के असो की ५, पट्टीवर रंग जवळपास सारखाच दिसतो. खात्री हवी असेल तर टायट्रेशन करा, म्हणजे आम्ल पुरतं मारायला किती अल्कली लागते ते मोजा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं (हीच ती अल्कली) तयार द्रावण आणि आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉफ्थॅलिन मिळतं.

१. सुई नसलेल्या सिरिंजने नेमका १ मिलि व्हिनेगर काचेच्या पेल्यात घ्या, त्यात २० मिलि डिस्टिल्ड वॉटर आणि फिनॉफ्थॅलिनचे तीन थेंब घाला.
२. दुसऱ्या, १० मिलिच्या सिरिंजने हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत पेला हलवत राहा.
३. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा.
४. किती मिलि लागलं त्याला ०.६ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे आम्लाची टक्केवारी. ८.३ मिलि लागलं तर ५ टक्के.

हायड्रॉक्साइड त्वचा भाजतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो पेला स्वयंपाकात परत आणू नका.

मोजमाप करायचं नसेल तर सहाव्या आठवड्यानंतर दर आठवड्याला स्वच्छ चमच्याने चव घ्या. दारूचा वास पूर्ण गेला आणि सलग दोन आठवडे आंबटपणा तेवढाच राहिला की व्हिनेगर झाला. ‘राहू दे अजून महिनाभर, आणखी कडक होईल’ असं मात्र म्हणू नका. अल्कोहोल संपल्यावर हेच जिवाणू आम्ल खाऊ लागतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. चार महिने उघडी राहिलेली बरणी फिकी पडते ती यामुळेच.

## टप्पा ५: बाटल्यांत भरणं

मदर बाजूला काढून थोड्या व्हिनेगरसह वेगळ्या बाटलीत ठेवा, पुढच्या खेपेला विकतचा कच्चा व्हिनेगर लागणार नाही. बाकीचा कापडातून गाळा.

लवकर वापरणार असाल तर तसाच भरा. वर्षभर ठेवायचा तर बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या करून आतला व्हिनेगर ६० ते ६५ अंशांवर दहा मिनिटं ठेवा. उकळू नका, पेरूचा वास तर जाईलच, आणि वाफ नाकाडोळ्यांत झोंबते.

गळ्यापर्यंत भरा आणि घट्ट बंद करा. आता पुन्हा हवा नको. झाकण प्लास्टिकचं किंवा बूच, पत्र्याचं नको. पहिले दोन महिने चव जरा टोकदार लागते, नंतर मवाळ होते. तळाशी थोडा साका बसला तर बिघडलं असं समजू नका.

## दुसरी फळं घ्यायची तर

सफरचंद: हिमाचल-काश्मीरचा माल ऑक्टोबरात स्वस्त होतो. नुसता रस काढला तर त्यातच १० ते १२ टक्के साखर असते, वरून साखर आणि पाणी दोन्ही नको.

उसाचा रस: आलं-लिंबू आणि बर्फ न घातलेला घ्या. त्यात साखर जास्त असते, म्हणून २ लिटर रसाला साधारण ६०० मिलि पाणी घाला. एकदा उकळी काढून गार करा, नाहीतर रस तारेला येऊन बुळबुळीत होतो. मग यीस्ट.

शहाळ्याचं पाणी: साखर जेमतेम ५ टक्के, म्हणून लिटरमागे ६० ग्रॅम वरून घाला.

सीताफळ या कामाला नको. गर निवळत नाही, आणि बिया विषारी आहेत. चेचताना त्या फुटायचा धोका नको.

## परसातल्या भाज्या व्हिनेगरमध्ये

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळे, काकड्या, हिरव्या मिरच्या, कोवळी गवार हाताशी असते. पाव किलो भाजीला १५० मिलि व्हिनेगर, १०० मिलि पाणी, एक सपाट छोटा चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि चार-पाच मिरी. मसाला उकळून गरम असतानाच भाजीवर ओता, भाजी पूर्ण बुडाली पाहिजे. गवार आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा. मिरच्यांना टोचे मारा, नाहीतर आत हवा राहून त्या तरंगतात. लसूण घातलीत आणि ती निळी-हिरवी झाली तर टाकू नका. लसणीतल्या गंधकाच्या संयुगांवर आम्लाची क्रिया होऊन हा रंग येतो, खायला ती ठीक असते.

बरणी फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांनी खायला घ्या, तीन आठवड्यांत संपवा.

इशारा: घरचा व्हिनेगर वापरून केलेल्या भाज्या फडताळात वर्षभर ठेवायच्या नाहीत. तशा टिकवणीला मोजून ५ टक्के आम्ल लागतं, आणि वरच्या मापात तर पाणीही घातलेलं आहे. आम्ल कमी पडलं तर बंद बरणीत बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून किंवा रंगावरून ते ओळखता येत नाही.

पेरूच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी एक चमचा हा व्हिनेगर छान लागतो. फक्त वाढायच्या आधी घाला, नाहीतर काकडी पाणी सोडते. गोव्याच्या विंदालू किंवा रेशाद मसाल्यासाठी सुरेच्या व्हिनेगरऐवजी हा वापरायचा असेल तर मसाला वाटतानाच घाला आणि थोडा गूळ कमी करा, कारण पेरूचा वास गोडसर असतो.